जुन्या असेंबल्ड पीसीवर विंडोज ११ : आधी यंत्राची ओळख, मग बदल

विंडोज १०चा मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, त्यामुळे काही बिघडले नाही असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात थांबले ते सुरक्षेचे अपडेट. विंडोजमध्ये यापुढे जी फट सापडेल, ती अशा कॉम्प्युटरवर उघडीच राहते. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते किंवा घरातल्या सगळ्यांचे ईमेल उघडतात, त्यावर ही फट फार काळ उघडी ठेवणे धोक्याचे आहे.

कंपनीने तयार केलेला डेस्कटॉप असेल, तर त्याच्या मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक उत्तरे मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग निवडून जोडून घेतलेल्या पीसीची गोष्ट वेगळी. त्याच्या कॅबिनेटवर छापलेल्या नावावरून आतल्या यंत्राविषयी काहीच कळत नाही. मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, ग्राफिक्स कार्ड तिसरीचे, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बसतो का, हे तपासणारे कोणी नाही. ते काम मालकाकडेच येते. म्हणून अशा पीसीवर कार्यप्रणाली बदलण्याचे निम्मे काम विंडोजची पेनड्राइव्ह तयार करण्याच्या आधीच होते.

यंत्रात काय आहे

पहिली पायरी म्हणजे यादी. विंडोजचे बटन आणि आर ही कळ एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या रन चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘एमएसइन्फो३२’ लिहिले की सिस्टिम इन्फर्मेशनचे पान उघडते. त्यातल्या चार नोंदी कागदावर उतरवाव्यात: प्रोसेसरचे पूर्ण नाव, बेसबोर्ड म्हणजे मदरबोर्डचा निर्माता आणि मॉडेल, बायोसची आवृत्ती व तारीख, आणि बायोस मोड. बायोस मोडपुढे ‘लेगसी’ आहे की ‘यूईएफआय’, यावर पुढचे बरेच काम अवलंबून आहे. त्याच पानावर सिस्टिम टाइप दिसतो. तिथे एक्स८६ असेल तर बसवलेले विंडोज ३२-बिटचे आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, त्यामुळे तिथे थेट अपग्रेड होत नाही, डिस्कवर नव्यानेच विंडोज बसवावे लागते. विंडोज ७च्या काळात २ किंवा ४ जीबी रॅम असलेल्या पीसींवर ३२-बिट आवृत्ती सर्रास घातली जाई आणि पुढे तिच्यावरच विंडोज १० चढवले गेले. म्हणून ही नोंद गृहीत न धरता वाचावी.

विंडोज ११ची अधिकृत अट इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझेन २००० मालिकेपासून पुढच्या प्रोसेसरची आहे. इंटेलची पिढी नावातच असते: आय५-६५०० हा सहाव्या पिढीचा, आय५-८४०० आठव्या, आय५-१०४०० दहाव्या. सातव्या पिढीतले अगदी मोजके प्रोसेसर यादीत आहेत, नेहमीचे डेस्कटॉप प्रोसेसर नाहीत. एएमडीच्या बाबतीत मात्र नुसता आकडा फसवतो. रायझेन ३ २२००जी आणि रायझेन ५ २४००जी हे प्रोसेसर २००० मालिकेतले दिसत असले तरी आतून पहिल्या पिढीच्या रचनेचे आहेत, आणि यादीत नाहीत. घरगुती पीसीसाठी ते भारतात भरपूर विकले गेले, त्यामुळे इथे अनेकांची निराशा होते. ३२००जी मात्र चालतो.

दुसरी अट टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची. ही अट ऐकून बाजारात वेगळी चिप शोधत फिरण्याची बहुधा गरज नसते. गेल्या काही वर्षांतल्या बोर्डांवर तेच काम प्रोसेसर आणि फर्मवेअर मिळून करतात. इंटेलच्या बोर्डात या सोयीचे नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम. असेंबल्ड बोर्डावर ती कित्येकदा कारखान्यातूनच बंद ठेवलेली असते, म्हणून पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचे तपासणी-साधन ‘टीपीएम नाही’ असे सांगते. बायोसमध्ये जाऊन ती चालू केली की तेच साधन दुसरे उत्तर देते. तिसरी अट सिक्युअर बूटची, आणि ती पूर्ण व्हायला यूईएफआय पद्धत लागते. याशिवाय ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढी किमान मर्यादा आहे. पण ४ जीबीवर विंडोज ११ वापरणे म्हणजे रोजचा वैताग. ८ जीबीच्या खाली हे काम हाती घेऊ नये.

कोणती वाट घ्यावी

यादी हाती आली की यंत्र कोणत्या गटात बसते ते कळते. सगळ्या अटी पूर्ण करणाऱ्या यंत्राबाबत निर्णय सोपा आहे. अडचण येते ती २०१३ ते २०१८ या काळातल्या, अजून उत्तम चालणाऱ्या पण यादीबाहेर राहिलेल्या पीसींची.

त्यातल्या एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांना चांगली संधी आहे. बी३५० किंवा बी४५० बोर्डावर रायझेन १६०० असेल, तर बोर्ड, रॅम, कॅबिनेट काहीही न बदलता रायझेन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसू शकतो. अट एवढीच की त्या बोर्डासाठी तसा बायोस उपलब्ध हवा आणि तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच चढवलेला हवा. क्रम उलटा झाला तर नवा प्रोसेसर बोर्डाला ओळखताच येत नाही आणि स्क्रीन काळीच राहते.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या मालकांना असा मार्ग नाही. एच११० किंवा बी२५० बोर्डाचे सॉकेट एलजीए ११५१, आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरचेही सॉकेट एलजीए ११५१च. नाव तेच असले तरी आठव्या पिढीला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. नाव जुळते म्हणून घेतलेला प्रोसेसर परत करायला धावपळ होते. तिथे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागतात. चौथ्या पिढीच्या यंत्रात रॅम डीडीआर३ असल्याने तीही बदलते. म्हणजे उरतात कॅबिनेट, एसएमपीएस आणि डिस्क. त्याला अपग्रेड न म्हणता नवा पीसीच म्हणावे आणि तसाच हिशोब करावा.

अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या उपलब्ध आहेत आणि बहुतेक वेळा त्या चालतातही. पण अशा यंत्रावर अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दरवर्षी येणारी मोठी आवृत्ती आपोआप न येता पुन्हा हाताने चढवावी लागते. शिवाय २४एच२ आवृत्तीपासून एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना येत नसलेल्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. कोअर २ ड्युओ आणि त्याच्या पिढीचे सगळे प्रोसेसर त्यामुळे पूर्णपणे बाद झाले. मुलांच्या सरावाच्या किंवा गाणी ऐकण्याच्या पीसीवर असा प्रयोग करायला हरकत नाही. दुकानाचा हिशोब ज्यावर आहे त्या पीसीवर तो करू नये.

तूर्त वेळ हवा असेल, तर विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-अपडेटची ईएसयू नावाची योजना ठेवली. घरगुती वापरकर्त्यांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर नोंदणी मोफत होते. या योजनेतून मिळणारा वेळ पैसे साठवायला आणि नीट तयारी करायला वापरावा.

उरलेली वाट लिनक्सची. तिची शिफारस इथे मनापासून करावीशी वाटते, कारण तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा आय३ आणि ८ जीबी रॅम असलेले यंत्र लिनक्स मिंटवर पुन्हा चपळ होते. मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम कमी असेल तर तिची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. पेनड्राइव्हवरून मिंट थेट चालवून पाहता येते, त्यासाठी डिस्कला हातही लावावा लागत नाही. आवाज, वायफाय, प्रिंटर हे सगळे त्यातच तपासून घ्यावे. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच, आणि पत्रे, तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस पुरते. मात्र टॅलीप्राइम विंडोजवरच चालते, आणि डिजिटल सहीचे टोकन रोज वापरणाऱ्यानेही या वाटेला जपूनच जावे. प्रिंटरचेही तसेच. आपल्याकडे घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी२९०० लिनक्सवर चालवायला बरीच खटपट पडते.

बॅकअप, आणि मराठी फाइलींचा वेगळा विचार

बॅकअप म्हटले की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन फोल्डर आठवतात. अडकतात ते बाकीचे: टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, स्कॅनरने भलत्याच ठिकाणी ठेवलेली कागदपत्रे. सी ड्राइव्हच्या मुळाशी आणि युजर फोल्डरमध्ये काय काय आहे हे एकदा स्वतः उघडून पाहावे. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत घेतल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यातल्या चार फाइली उघडून पाहाव्यात.

महाराष्ट्रातल्या छपाईच्या, वकिलांच्या आणि शाळांच्या कार्यालयांत आणखी एक गोष्ट असते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, किंवा शिवाजीसारखे जुने फॉन्ट वापरून टाइप केलेल्या हजारो फाइली. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. फॉन्ट नसेल तर तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून विंडोजमधला फॉन्ट्सचा संपूर्ण फोल्डर बॅकअपमध्ये हवाच, शिवाय त्या सॉफ्टवेअरची सीडी, परवाना क्रमांक आणि असल्यास डाँगलही. ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेला डाँगलचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चढत नाही, आणि १६-बिट प्रोग्रॅम तर तिथे चालतच नाहीत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे ६४-बिटची आवृत्ती आहे का हे आधी विचारावे. नसेल, तर जुना पीसी इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामापुरता तसाच ठेवणे शहाणपणाचे. महत्त्वाचे दस्तऐवज मात्र युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत, आणि हे काम जुनी व्यवस्था चालू असतानाच करावे, कारण रूपांतरात जोडाक्षरे बिघडली आहेत का हे मूळ फाइल शेजारी उघडूनच कळते.

बायोस, बॅटरी आणि ग्राफिक्स कार्ड

आता कॅबिनेट उघडावे. धूळ झाडावी, पंखे फिरतात का पाहावे, आणि बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी बदलावी. ही बॅटरी संपली की पीसीचे घड्याळ मागे पडते आणि बायोसमधली सेटिंग्ज मूळ स्थितीत जातात. जुन्या व्यवस्थेत त्याने फारसे बिघडत नसे. विंडोज ११ बसवल्यावर मात्र बायोस पुन्हा लेगसी पद्धतीवर गेला की डिस्क सापडत नाही, आणि मालकाला वाटते की विंडोज उडाले. किरकोळ किमतीची ही बॅटरी मोठा मनस्ताप वाचवते.

बायोसचा अपडेट घ्यायचा तो नोंदवलेल्या अचूक मॉडेलचाच, बोर्डाच्या रिव्हिजन क्रमांकासकट. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनना वेगळ्या फाइली असतात, आणि रिव्हिजन बोर्डावरच छापलेली असते. फाइल एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ठेवून बायोसमधल्याच साधनाने ती चढवावी. गिगाबाइटमध्ये त्याचे नाव क्यू-फ्लॅश, एसुसमध्ये ईझेड फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, अ‍ॅसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमधून अपडेट करण्याच्या सोयीपेक्षा हा मार्ग भरवशाचा. त्या काही मिनिटांत वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून चालू स्थितीतला यूपीएस असल्याशिवाय आणि पावसाळी विजेच्या लपंडावात हे काम करू नये. बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय, चालू असेल तर आधी ती तात्पुरती थांबवावी आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. एएमडीच्या पहिल्या काही एफटीपीएम बायोसमध्ये पीसी मधूनच अडखळत असे. एएमडीने २०२२ मध्ये ती अडचण दूर करणारे बायोस दिले, तेव्हा रायझेनच्या मालकाने जुन्या बायोसवर थांबू नये.

अपडेटनंतर पीटीटी किंवा एफटीपीएम चालू करावे. सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय, मात्र लगेच बंद करू नये. आधी ग्राफिक्स कार्डाचे वय पाहावे. साधारण २०१२ च्या आधीच्या बहुतेक कार्डांच्या फर्मवेअरला यूईएफआय समजत नाही. अशा पीसीवर सीएसएम बंद केला की स्क्रीनवर काहीच येत नाही. तसे झाल्यास बोर्डावरचा क्लिअर सीमॉसचा जंपर वापरून सेटिंग्ज मूळ स्थितीत आणाव्यात, किंवा कार्ड काढून बोर्डावरच्या डिस्प्ले पोर्टला मॉनिटर जोडावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर ते जुने कार्ड परत बसवण्याची बहुधा गरजही नसते.

डिस्क

लेगसी पद्धतीच्या पीसीत डिस्कची मांडणी एमबीआर प्रकारची असते, यूईएफआयला जीपीटी लागते. विंडोज १०मध्येच असलेले एमबीआर२जीपीटी हे साधन माहिती न पुसता हे रूपांतर करते, आणि आधी नुसती पडताळणी करण्याची सोयही त्यात आहे. पण प्राथमिक भाग तीनपेक्षा जास्त असतील किंवा एक्स्टेंडेड भाग असेल तर ते नकार देते. आपल्याकडे पीसी जोडून देणारा सी, डी, ई, एफ असे भाग पाडूनच देत असे, आणि त्यातले शेवटचे बहुधा एक्स्टेंडेडमध्ये असत. त्यामुळे हा नकार इथे वारंवार येतो. भाग जोडत-तोडत बसण्यापेक्षा नवी एसएसडी घ्यावी, हे अधिक सरळ.

खरे तर जुन्या पीसीसाठी नवी एसएसडी हाच सर्वांत चांगला सल्ला. यंत्र फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल, तर प्रोसेसर बदलूनही जो फरक जाणवणार नाही तो २५० जीबीच्या साध्या साटा एसएसडीने जाणवतो. एनव्हीएमई एसएसडी घेण्याआधी मात्र बोर्ड पाहावा. २०१४ च्या आधीच्या बहुतेक बोर्डांना तिच्यावरून बूट होता येत नाही. आणि दुसरा, त्याहून मोठा फायदा: नवे विंडोज नव्या एसएसडीवर बसवले की जुनी डिस्क जशीच्या तशी राहते. काही चुकले तर केबल बदलून अर्ध्या तासात पीसी पूर्वीसारखा चालू होतो.

त्यासाठी बसवताना जुन्या डिस्कची साटा केबल काढूनच ठेवावी. दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या तर विंडोज आपल्या बूट फाइली जुन्या डिस्कवर टाकू शकते, आणि पुढे ती डिस्क काढली की पीसी सुरू होत नाही.

बसवणे आणि त्यानंतर

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून किमान ८ जीबीची पेनड्राइव्ह तयार करावी. तिच्यातले सगळे पुसले जाते. दुसऱ्या पेनड्राइव्हवर बोर्डाच्या संकेतस्थळावरून लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर घेऊन ठेवावा, कारण नेटवर्कच चालले नाही तर बाकीचे ड्रायव्हर येणार कुठून? पीसी सुरू होताना बूट मेनू उघडावा: गिगाबाइटला एफ१२, एसुसला एफ८, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकला एफ११. तिथे तीच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकते. ज्या नोंदीआधी यूईएफआय लिहिले आहे तीच निवडावी, नाहीतर सगळे पुन्हा लेगसी पद्धतीने बसते. नव्या एसएसडीवरची रिकामी जागा निवडून पुढे जावे, भाग विंडोज स्वतः पाडते.

प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय घ्यावा आणि पूर्वीचीच आवृत्ती, होम किंवा प्रो, निवडावी. विंडोज १० खरे आणि अ‍ॅक्टिव्हेट झालेले होते व मदरबोर्ड तोच आहे, तर इंटरनेट मिळताच विंडोज ११ आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. बोर्ड बदलायचा असेल तर परवाना आधी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्यावा. जोडणाऱ्याने फुकटात ‘करून दिलेले’ विंडोज असेल, तर परवाना नव्याने विकत घ्यावा. अ‍ॅक्टिव्हेटर नावाच्या ज्या फाइली फिरतात, त्या चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, यातच त्यांचा धोका दिसतो.

सगळ्या अटी पूर्ण असलेल्या आणि आधीच यूईएफआयवर चालणाऱ्या पीसीला इतके करावे लागत नाही. तिथे विंडोज अपडेटमधूनच अपग्रेड होते, प्रोग्रॅम आणि फाइली जागेवर राहतात. पसंत पडले नाही तर दहा दिवसांच्या आत मागे जाता येते.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर विंडोज अपडेट दोन-तीनदा, काहीही शिल्लक राहणार नाही तोवर चालवावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण असलेले घटक शोधून चिपसेटपासून ग्राफिक्सपर्यंतचे ड्रायव्हर त्या त्या निर्मात्याकडून घ्यावेत. ड्रायव्हर शोधून देणारी तिसऱ्याच कोणाची सॉफ्टवेअर वापरू नयेत. मराठीसाठी भाषा जोडून इन्स्क्रिप्ट किंवा मराठी फोनेटिक कीबोर्ड निवडावा. विंडोज ११ची २४एच२ किंवा नंतरची आवृत्ती मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने बसवली असेल, तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. सेटिंग्जमध्ये ते पाहावे आणि ४८ अंकी रिकव्हरी की लिहून कपाटात ठेवावी. पुढे कधी बायोस बदलला किंवा बॅटरी संपली, तर तीच विचारली जाते.

सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात. नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून येतात, त्यामुळे जुन्या बोर्डावर हे अपडेट कधीही रोखून धरू नयेत.

जुनी डिस्क महिना-दीड महिना हात न लावता ठेवावी. त्या काळात प्रिंटर, स्कॅनर, टॅलीतली गेल्या वर्षाची खाती आणि जुन्या फॉन्टमधल्या फाइली एकदा तरी उघडल्या जातात आणि राहून गेलेले काय ते समजते. मग ती डिस्क जोडून तिची स्मार्ट स्थिती क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने पाहावी. ठीक असेल तर फॉरमॅट करून बॅकअपसाठी वापरावी. रिअ‍ॅलोकेटेड सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर माहिती पूर्ण पुसून ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.